शब्दाचा कौल, दाण्याचा कौल

देवाचा शब्द आमच्या घरात माझ्या नवऱ्याच्या तोंडून आला. त्या वेळी मी दूध विरजून चीज गाळत बसले होते.

साबोन दोदोनाला देवाचा कौल लावून परतला तो गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. तोमारोस डोंगराच्या अंगावरचं बर्फ वितळायला लागलं होतं आणि सगळ्या वाटा ओढे झाल्या होत्या. तरी अंगणात पाय टाकायच्या आधीच तो ओरडला, "झालं काम! देवाने मोकळं केलं आपल्याला!"

सासरे, फालाक्र, विस्तवाशी बसून काठीला धार देत होते. धाकटी जाऊ फिंतो दारात, मांडीवर कोकरू घेऊन. कोकराची आई मेली होती, म्हणून फिंतो बोट दुधात बुडवून त्याला चोखायला देत होती. तिने मान वर केली नाही. पण तिचं बोट कोकराच्या तोंडातच राहिलं, हे मी पाहिलं.

फिंतो माझ्या धाकट्या दिराची, आन्द्रोकासची बायको. मागच्या शरदात कळप खाली समुद्राकडे नेताना आराख्थोस नदीच्या पायउताराला पाण्याने त्याला ओढून नेलं. पदरी मूल नाही. होती ती साठ मेंढरं. तीस तिने माहेराहून आणलेली, उरलेली तिच्या हातांवर जन्मलेली. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती काठी घेऊन उठली आणि कळपामागे चालू लागली. आधी लोक हळहळले, मग कुजबुजले, मग हसले. बाईमाणूस कळपाची धनीण? कुणी ऐकलंय?

मग अंब्राकिया शहरातून तिला मागणी आली. तेलाचा व्यापारी, वयाने पोक्त, स्वभावाने मऊ. दोन मजल्यांचं घर, विहीर अंगणात. साबोनला ते मनापासून बरं वाटलं. "आयुष्यभर पावसात भिजायचंय का तिने?" असं तो मला म्हणायचा, आणि म्हणताना त्याचा आवाज खरंच ओला व्हायचा. तिच्यामागे तिची साठ मेंढरं आमच्या कळपात मिसळणार होती, हे तो बोलायचा नाही. मीही बोलायची नाही. पण आमची मेंढरं मोजताना माझी बोटं चुकून पुढे जायची, हे आज सांगायला मला लाज नाही.

मामंजी म्हणाले होते, "देवाला विचारल्याशिवाय सून उंबऱ्याबाहेर द्यायचा नाही मी." म्हणून साबोन गेला होता.

"बोल," मामंजी म्हणाले.

"दिओने देवीला पांढरी मेंढी, झ्यूसला मधाची पोळी. एवढं वाहिलं की फिंतो अंब्राकियात सुखाने नांदेल. म्हाताऱ्या पुजारणीने स्वतः सांगितलं, देवाच्या ओकाखाली उभं राहून. पानं अशी सळसळत होती, काय सांगू!"

"पांढरी मेंढी," मामंजी म्हणाले. "पांढरी आपल्याकडे कुठाय?"

"फिंतोकडे आहे ना."

तेव्हा फिंतोने कोकरू खाली ठेवलं. "भावोजी, तुम्ही देवाला विचारलंत काय?"

"म्हणजे काय? हेच."

"हेच म्हणजे कसं? जसं विचारलंत तसं सांगा."

साबोनने छाती भरून श्वास घेतला. शिशाच्या पट्टीवर कोरलेला प्रश्न त्याने पाठ केला होता. "कोणत्या देवाला काय वाहिलं म्हणजे फिंतो अंब्राकियात सुखाने नांदेल?"

"मग मी जावं की नाही, ते कुणी विचारलं?"

साबोनने मामंजींकडे पाहिलं, मामंजींनी माझ्याकडे. मी चीजच्या फडक्याला पीळ दिला.

"अगं, असंच विचारतात," साबोन म्हणाला. आणि ते खोटं नव्हतं. आमच्याकडे सगळेच असं विचारतात. गलबतावर जाणारा 'जाऊ का?' म्हणत नाही, 'कुणाला वाहून जाऊ?' म्हणतो. लग्न ठरवून झाल्यावर विचारतात, घराचा पाया खणून झाल्यावर विचारतात. देव नाव सांगतो, आपण नैवेद्य वाहतो, दोघंही समाधानी. याला शब्दाचा कौल म्हणतात. दुसरा असतो दाण्याचा. पांढरा निघाला तर हो, काळा निघाला तर नाही. त्या वाटेला आमचं माणूस सहसा जात नाही, कारण दाणा 'नाही' म्हणू शकतो.

"मामंजी," फिंतो म्हणाली, "मी जाते. दाण्याचा कौल लावते, कळप मीच राखू का म्हणून."

"आणि काळा आला तर?" साबोन.

"तर पांढरी मेंढी मीच दिओनेच्या दारी नेईन, आणि तिथूनच अंब्राकियाची वाट धरीन. रडत जाणार नाही. देव 'नाही' म्हणाला तर मला ऐकू येतं, भावोजी."

मामंजी बराच वेळ काठीचं टोक अंगठ्याने चाचपत राहिले. त्यांचा एक मुलगा नदीने नेला होता. दुसरा समोर उभा होता, चिखलाने भरलेला, दुखावलेला. शेवटी ते मला म्हणाले, "लिसो, तू जा तिच्याबरोबर."

"आणि मेंढरं?" मी म्हटलं.

"मी बघतो," साबोन गुरगुरला. "माझ्या हाताखाली चार दिवसांत मरायची नाहीत."

"लंगडीला उतारावर हाकू नका," फिंतो म्हणाली. "आणि काळतोंडीला शिव्या देऊ नका, दूध आटतं तिचं."

"ऐकलंस?" साबोन मला म्हणाला. "आता मेंढ्यांशी अदबीने बोलायचं!"

*

दोन दिवसांची वाट. खांद्याला झोळी, झोळीत जवाच्या भाकरी, कांदे, चीजचा खडा. फिंतो पुढे चालायची आणि गुणगुणायची. आमच्या बायका कळपामागे म्हणतात तसलं, पण शब्द तिचे तिनेच जोडलेले:

तोमारोसच्या माथी, बर्फ उन्हात हासतो,
माझ्या मेंढीचा गं पान्हा, दगडालाही पोसतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढ्याकाठी शिदोरी सोडली. पाणी इतकं गार की दात वाजत होते. माझ्या मनात दोन दिवस जे घोळत होतं ते मी तिथे बोलले.

"फिंतो, ऐक. तूसुद्धा शब्दाचाच कौल लाव."

"म्हणजे?"

"म्हणजे विचार, 'कोणत्या देवाला वाहिलं म्हणजे माझा कळप माझ्या हाती भरभराटेल?' देव नाव सांगेल. तू घरी येऊन म्हण, देवाने कळप माझ्या हाती दिला. ह्यांनी जे केलं तेच तू कर. कोण काय बोलणार?"

ती हसली. भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवत म्हणाली, "अक्का, तुझ्या नवऱ्याविरुद्ध मला शिकवतेस?"

"त्याच्याविरुद्ध नाही गं. तुझ्या बाजूने."

"आणि मेंढरं मग तुमच्या कळपात येणार नाहीत, त्याचं काय?"

माझे कान तापले. तिला ठाऊक होतं. सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं.

"रागवू नकोस," ती म्हणाली. "तुझ्या जागी असते तर मीही मोजली असती." मग जरा थांबून, "पण अक्का, तसं विचारलं तर मला कधी कळणारच नाही. वर घाटात विजा कडाडतील, लांडगा येईल, कोकरं मरतील. दरवेळी मनात येईल की देव 'नाही' म्हणाला असता, मी त्याला बोलूच दिलं नाही. भावोजींचं तोंड बंद करता येईल गं. माझं कसं करू?"

तिने भाकर खाल्ली. माझी तशीच हातात राहिली.

*

दोदोनाला पोचलो तेव्हा ऊन ओकाच्या शेंड्यावर होतं. झाडाभोवती कांस्याच्या कढयांचं रिंगण, एकीला एक चिकटलेली. कुणी एकीला हात लावला की आवाज पुढच्या कढईत शिरतो, तिथून पुढच्या, आणि रिंगण फिरून परत येतो. देवाचे जोगी भुईवर बसले होते. ते पाय कधी धूत नाहीत, पाय मातीचे राहिले पाहिजेत म्हणून. ओकात पारवे घुमत होते.

कुंपणाबाहेर पट्ट्या कोरून देणाऱ्याचं बस्तान होतं. जाडा, टकला, कानाला केस. समोर शिशाच्या पट्ट्यांची चळत, बोटात लोखंडी सळई. त्याने आमच्याकडे न बघताच पट्टी ओढली आणि सळई टेकवली.

"कुठलं गाव? नाव? लग्न, मूल, की चोरी?"

"फिंतो. फालाक्रची सून. मेंढरं."

"मेंढरं," तो म्हणाला, आणि सळई भराभर चालू लागली. शिसं मऊ, अक्षर लोण्यात उतरावं तसं उतरत होतं. "झालं."

"काय कोरलंस? वाच."

त्याने मान वर केली. "बाई, वीस वर्षं हेच करतोय."

"वाच तरी."

"'शुभ असो. फिंतो विचारते, कोणत्या देवाला काय वाहिलं म्हणजे तिची मेंढरं...'"

"पूस."

"काय?"

"पूस ते. मी हे विचारलं नाही. दाण्याचा कौल हवाय मला."

मागे रांगेत उभा असलेला एक शेळीवाला खो खो हसला. "अरे, पूस की! बाई म्हणते ना!"

कोरणाऱ्याने सळईचं चपटं टोक फिरवून शिसं सपाट केलं. बडबडतच. "दाण्याचा! सगळे शब्दाचा लावतात, हिला दाण्याचा. काळा निघाला की माझ्याकडे येऊन रडू नकोस." पुन्हा कोरलं. पुन्हा वाचलं. "'फिंतोने मेंढरं राखली तर तिचं आणि घराचं अधिक बरं होईल का, आणि...'"

"पूस."

"आता काय चुकलं?"

"अधिक बरं, घराचं, हे कशाला? बरं तर अंब्राकियातही होईल. दोन मजली घर आहे तिथे." तिने ओठ ओले केले. "एवढंच लिही. फिंतो विचारते, मी माझा कळप स्वतः राखू का?"

"बस?"

"बस."

"हे तर पोरही विचारेल."

"मग लिहायला सोपं जाईल तुला," फिंतो म्हणाली.

रांग पुन्हा हसली. कोरणाऱ्याने तिसऱ्यांदा कोरलं, पट्टी घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि तिच्या तळहातावर ठेवली. या वेळी त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "वीस वर्षांत," तो म्हणाला, "अशी उघडी पट्टी मी चारदा कोरली असेन." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आत दोन मातीचे घट होते. एकात घडी घातलेल्या पट्ट्या, दुसऱ्यात दाणे. म्हातारी पुजारीण एका हाताने पट्टी काढी, दुसऱ्या हाताने दाणा. पट्टी उघडत नाहीत. देवाला घडीतून वाचता येतं. आधी शेळीवाला. त्याचा बोकड शेजाऱ्याने चोरला का, असा त्याचा प्रश्न, आणि तो त्याने रांगेत सगळ्यांना मोठ्याने सांगून टाकला होता. दाणा काळा. म्हणजे शेजाऱ्याने नाही. "मेलो!" तो कपाळ बडवत म्हणाला, "आणि मी त्याचं कुंपण मोडून आलोय!" मग एक बाई, जिचा मुलगा समुद्रावर होता. पांढरा. ती खाली बसली आणि भुईला गाल लावला.

मग म्हातारीच्या हातात आमची पट्टी आली. खूण म्हणून फिंतोने तिला तोकडा लोकरीचा धागा बांधला होता, म्हणून ओळखली.

"कुणाची?"

"माझी, आजी."

म्हातारीचा दुसरा हात दाण्यांच्या घटात गेला. मनगटापर्यंत. आत दाणे खडखडले. माझ्या डोळ्यांपुढे तेवढ्यात किती काय येऊन गेलं. अंब्राकियाचं अंगण, विहिरीवर वाकलेली फिंतो, धुतलेले तिचे हात. आमच्या वाड्यात साठ जास्तीची मेंढरं. खरं सांगते, त्या घडीला मला ती साठ मेंढरं डोळ्यांसमोरही नको होती. देवा, माझ्या पदरात नको टाकूस, असं मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले की मनात, आठवत नाही.

म्हातारीने मूठ उघडली.

पांढरा.

दुधात भिजल्यासारखा पांढरा, तिच्या सुरकुतलेल्या तळव्यावर.

म्हातारीने दाणा वर धरून सगळ्यांना दाखवला, मग फिंतोच्या कपाळाला टेकवला. "राख," ती म्हणाली. एवढंच. पुजारणीला बोलायची गरज नसते दाण्याच्या कौलात, पण ती बोलली.

मग तो शेळीवाला, स्वतः हरलेला, पुढे आला आणि त्याने एका कढईवर दणकन मूठ मारली. आवाज उठला. एका कढईतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, ओकाभोवती गरगर फिरत, वाढत, पारवे फडफडून उडाले, ओकाची सगळी पानं उलटी झाली. भुईवरचे जोगी मातीच्या पायांनी उठून उभे राहिले आणि हसायला लागले. आणि फिंतो, जी नवरा गेला तेव्हा माझ्यासमोर रडली नव्हती, ती त्या आवाजाच्या मधोमध तोंड वर करून रडली, आणि रडता रडता गायला लागली:

ओकाच्या पानापानी, वारा बोलतो गं खरं,
पुसायाला आले देवा, हाती धरून कोकरं.

परकी माणसं, दूरदूरच्या गावांची, पण दुसऱ्यांदा म्हणताना निम्म्यांनी सूर धरला होता.

*

घरी मामंजींनी एकच विचारलं. "प्रश्न काय होता?"

फिंतोने सांगितला. सहा शब्द.

"आणि दाणा?"

"पांढरा," मी म्हणाले. "मी पाहिला. सगळ्या दोदोनाने पाहिला."

साबोन उभा राहिला. "मग देवाने मला सांगितलं ते काय? देव काय दोन तोंडांनी बोलतो?"

मला वाटलं आता भांडण. पण फिंतो हळू बोलली, जशी ती काळतोंडीशी बोलते. "भावोजी, देवाने तुम्हालाही खरंच सांगितलं. मी तिकडे गेले असते तर तशीच नांदले असते, पांढरी मेंढी वाहून. तुम्ही वाट विचारलीत ती त्याने दाखवली. त्या वाटेला लागावं का, ते मी विचारलं."

साबोन अंगणाच्या कडेला गेला. वळला. "एवढं सोपं होतं होय," तो म्हणाला. आणि मग माझा तो उंच, आडदांड नवरा एकाएकी म्हणाला, "मला भीती वाटली होती गं. देव 'नाही' म्हणाला असता तर मी काय तोंड दाखवलं असतं अंब्राकियाला?"

"आता काय दाखवाल?"

"आता सांगेन, आमच्या घरची बाई देवाच्या कामावर आहे." जरा वेळाने, कुरकुरत, "तुझी ती काळतोंडी मला चावली. मेंढी चावते कधी?"

"शिवी दिली असेल तुम्ही."

"एकच दिली!"

मामंजी इतके हसले की त्यांना ठसका लागला.

*

कृत्तिका पहाटे दिसू लागल्या की आमच्याकडे कळप वर जातात. घाटाच्या तोंडाशी दोन खडक आहेत, मधून एका वेळी चारच मेंढरं जातील एवढी फट. तिथे वाडीतला सगळ्यात वयस्क माणूस उभा राहतो आणि कळपाच्या धन्याचं नाव पुकारतो. धनी 'आलो' म्हणतो आणि कळप आत शिरतो. ज्याचं नाव पुकारलं जात नाही त्याची मेंढरं दुसऱ्याच्या नावाखाली जातात. मागच्या वर्षी तिथे माझ्या दिराचं नाव पुकारलं होतं.

या वर्षी मामंजी उभे होते. साबोनचा कळप गेला, शेजाऱ्यांचे दोन गेले. धूळ उडाली, घंटा वाजल्या. मग रिकामी जागा पडली, आणि तिच्यामागे साठ मेंढरं आणि सत्तर कोकरं, आणि त्यांच्यामागे काठी घेतलेली फिंतो. वाडीतले सगळे खडकांवर चढून बसले होते. मागच्या वर्षी हसलेलेही.

मामंजींनी काठी वर केली. त्यांचा आवाज म्हातारा झालाय, पण त्या दिवशी तो डोंगराला जाऊन थडकला.

"फिंतोचा कळप!"

'आलो' तर बाप्यांनी म्हणायचं. बाईने काय म्हणायचं, हे आमच्या वाडीत कुणी ठरवलंच नव्हतं.

"आले!" फिंतो म्हणाली.

खडकावरून पहिली आरोळी साबोनने दिली. मग सगळ्यांनीच. मेंढरं बिचकून फटीत घुसली, चार चार, खांद्याला खांदा घासत, आणि तिची ओवी त्यांच्या डोक्यांवरून वर चढत गेली:

वाट माझ्या पायाखाली, ढग माझ्या माथ्यावर,
साठ लेकरांची आई, निघाली गं घाटावर.

मी माझी काठी उचलली आणि आमच्या कळपामागे निघाले. पुढच्या वळणावर ती थांबली होती, माझी वाट बघत. आम्ही दोघी बरोबरीने वर चढू लागलो.